बोटांतले बारा शब्द

“कॉफी नको, कॉफीनं धडधड वाढते. हिरवी मिरची नको, मिरचीनं ठसका लागतो. कुकरची शिट्टी नको, शिट्टीनं दचकायला होतं. आता मी शिंकायचं तरी कुठं जाऊन, ते एकदा सांगा. गच्चीत जाऊ का?”

ऋतुजा हे कुणालाच उद्देशून म्हणत नव्हती. ओट्याशी उभी राहून झाकण घातलेल्या पातेल्याशी बोलत होती. पण जयसिंगपूरच्या त्या बंगल्यात स्वयंपाकघर आणि देवघर यांच्यामध्ये नुसतं एक जाळीचं दार होतं, आणि दाराच्या पलीकडे पाटावर जपाची माळ घेऊन तिच्या सासूबाई बसल्या होत्या. पद्मजा मगदूम. त्यांनी शब्द न् शब्द ऐकला, आणि त्यांना इतका आनंद झाला की माळेतला मणी कुठला चालला होता तेच त्या विसरल्या. नवरा गेल्यापासून त्या घरात कुणी केलेली ही पहिली खरीखुरी कुरकुर होती.

आनंद जरा जास्तच झाला असावा. मनगटावरचा पट्टा थरथरला, त्यावरचा दिवा पिवळा झाला, आणि पलीकडे ऋतुजाचा फोन वाजला.

“अगं, आईची नाडी वाढलीय,” तासगावच्या बाजारातून तिचा नवरा सन्मती विचारत होता. “काय झालं? कोण काय बोललं?”

“काही नाही ओ. जप करतायत.”

“जप करताना वाढते होय नाडी?”

पद्मजाबाईंनी डोळे मिटले आणि शांत व्हायच्या कामाला लागल्या. आता तेच काम होतं त्यांना. दुसरं काही कुणी करूच देत नव्हतं.

याला कारण त्यांचे यजमान, बाहुबली मगदूम. बेदाण्याचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता, फक्त कशावरच विश्वास न ठेवणारा. कोल्ड स्टोरेजमधला हिस्सा विकल्यावर जे काही आलं ते सगळं त्यांनी क्रिप्टोच्या वॉलेटमध्ये ठेवलं. वॉलेट म्हणायचं, पण त्यात पैसे नसतातच. पैशांची नोंद असते जगभर पसरलेल्या हजारो संगणकांवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आपल्याकडे असते ती फक्त किल्ली, म्हणजे एक अवाढव्य आकडा. तो कुणाच्या बापाला पाठ होणार नाही, म्हणून त्याचे बारा साधे शब्द करून देतात. ठरावीक यादीतले, यंत्रानं चिठ्ठ्या टाकल्यासारखे काढलेले, आणि ठरावीक क्रमातले. वॉलेटचं यंत्र हरवलं, जळलं, बुडालं, तरी हे बारा शब्द नव्या यंत्रात घातले की सगळं परत येतं. पण ज्याच्या हातात शब्द, तोच मालक. चोराला सापडले तर चोर मालक. आणि विसरले, तर ज्याच्या टेबलापुढं जाऊन रडावं असा मॅनेजर या बँकेला नाही.

मग ते शब्द ठेवायचे कुठं? बाहुबलीअण्णांनी यावर वर्षभर विचार केला. कागदाला वाळवी लागते. एकानं पोलादी पट्टीवर कोरून घेतले होते, ती त्याच्या बायकोनं भंगारात घातली. फोनमध्ये फोटो काढून ठेवणारे तर रोज लुबाडले जात होते. भावाभावांत निम्मे निम्मे वाटावेत, तर भाऊ आज आहेत तसे उद्या राहतील याची खात्री काय? अशा वेळी त्यांना कोल्हापुरातल्या एका केंद्राची माहिती मिळाली. तिथं शब्द माणसात ठेवत.

माणसाच्या आठवणीत नव्हे, हातात. साडीच्या निऱ्या घालताना बोटं काय करतात हे कुठल्याही बाईला विचारा, तिला सांगता येणार नाही. पण अंधारातही निऱ्या बरोबर पडतात. मेंदूत त्या ज्ञानाची जागाच वेगळी. तिथं गेलेलं हाताला कळतं, तोंडाला कळत नाही. केंद्रात एका पडद्यावर रंगीत ठिपके वरून खाली यायचे, आणि ठिपका खाली आला की त्याच्या रंगाची कळ दाबायची. पोरखेळच. पण त्या ठिपक्यांच्या गर्दीत एक लांबलचक नक्षी पुन्हा पुन्हा लपवलेली असायची, त्या बारा शब्दांपासून बनवलेली. खेळणाऱ्याला ती दिसत नाही. दीड महिना रोज खेळलं की बोटं मात्र ती शिकतात. पुढे कधी पुन्हा खेळायला बसवलं, की ओळखीच्या वळणावर बोटं आपोआप सरसर धावतात, आणि कुठं धावली त्यावरून यंत्र शब्द ओळखतं.

“म्हणजे कुणी बंदूक लावली तरी हिला सांगता यायचं नाही!” अण्णा खूश होऊन म्हणाले होते. “आणि बंदूक लावून खेळायलाच बसवलं तर?” असं धाकटे भाऊ शीतल यांनी विचारलं, तर त्यालाही उत्तर होतं. मनगटावरचा पट्टा. नाडी, घाम, श्वास. शब्द रोवताना बाई ज्या मनःस्थितीत होती त्या मनःस्थितीत नसेल, तर यंत्र उघडतच नाही. बोटांनाही तेव्हाच नीट आठवतं.

“आपल्या घरात सगळ्यात शांत कोण?” अण्णांनी विचारलं, आणि सगळ्यांनी पद्मजाबाईंकडं बघितलं.

असे ते बारा शब्द त्यांच्या बोटांत गेले. त्यांना त्यातला एकही माहीत नव्हता. अजूनही आठवड्यातून एकदा कुणीतरी फोन करायचा, “वॉलेट कंपनीतून बोलतोय मॅडम, सुरक्षेसाठी तुमचे बारा शब्द सांगा,” आणि पद्मजाबाई मनापासून म्हणायच्या, “मला समजले तर मीच तुम्हाला फोन करते हं.” या घरात त्यांच्याशी कुणी न घाबरता बोलत असेल तर ते हे चोरच.

मार्चमध्ये अण्णा तासगावच्या सौद्यात बसल्या जागी गेले. हॉस्पिटलातून त्यांचे कपडे पिशवीतून घरी आले, आणि घरच्या रिवाजाप्रमाणे शीतलभाऊजींनी त्या पिशवीत हात न घालता ती मागच्या अंगणात पाण्याच्या बादलीत उपडी केली. मृताच्या कपड्यांना कोरडं शिवायचं नाही. बंडीच्या आतल्या खिशात वॉलेटचं यंत्र होतं, ते तीन दिवसांनी सापडलं. तोवर त्याची पार माती झाली होती.

त्यानंतर पद्मजाबाईंना यंत्रापुढं बसवलं. पट्टा लाल. महिन्याभरानं पुन्हा बसवलं. लाल.

कोल्हापूरच्या केंद्रातले उपाध्ये नावाचे गृहस्थ पडद्यावरून म्हणाले, “घाई करू नका. प्रत्येक चुकलेल्या खेळानं आतली नक्षी थोडी पुसते. शिवाय बरीच वर्षं उजळणी झालेली नाही. दिवाळीपर्यंत आलं तर आलं. त्यानंतर मी काही सांगू शकत नाही.” मग जरा वाकून त्यांनी विचारलं, “वहिनी, शब्द रोवताना तुमचं मन कसं होतं? शांत होतं ना?”

समोर सन्मती, बाजूला शीतलभाऊजी, भिंतीवर अण्णांचा हार घातलेला फोटो. तिघंही पद्मजाबाईंकडं बघत होते.

“शांतच की,” पद्मजाबाई म्हणाल्या.

झालं. त्या एका शब्दावर त्यांचं घर तुरुंग झालं, आणि तुरुंग तरी काय, सगळे पहारेकरी पायाशी बसून पाय चेपणारे! पट्टा रात्रंदिवस मनगटावर, आणि नाडी सगळ्यांच्या फोनवर. टीव्हीवरच्या मालिका बंद. वर्तमानपत्राची पानं शीतलभाऊजी सकाळी येऊन आधी चाळायचे आणि अपघाताचं पान काढून न्यायचे. मंदिरात जायचं तर गर्दी नसताना. शेजारच्या चौगुलेकाकूंना बजावून ठेवलेलं, की आजारपणं सांगायची नाहीत. त्यामुळे त्या बिचाऱ्या येईनाशाच झाल्या, कारण दुसरं त्यांच्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. पद्मजाबाईंनी एकदा मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही. सन्मती म्हणाला, “वा!” दुसऱ्या दिवशी दुप्पट घातलं. “आज तर मस्तच,” म्हणून तो तीन तांबे पाणी प्याला. एकदा त्यांनी शीतलभाऊजींना तोंडावर सांगितलं, “भाऊजी, ती बादली तुम्ही भरलीत.” भाऊजींचा चेहरा पडला, पण म्हणाले काय? “बरोबर आहे वहिनी तुमचं. चहा घेणार?”

पैसा सगळा त्या बारा शब्दांत अडकलेला, त्यामुळे घर चालत होतं ते ऋतुजाच्या पगारावर. ती ऑफिसचं काम घरी बसून करायची, सासूची नाडी बघायची, आणि सगळ्यांदेखत गोड बोलायची. मूळची फटकळ मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूला म्हणाली होती, “आई, तुमच्या पुरणपोळ्या वातड होतात.” पद्मजाबाईंना ती तेव्हापासूनच आवडायची. आता तीही साखरेत घोळल्यासारखी झाली होती, आणि मान वर करून बघायची नाही.

आणि निपाणीची चंपाअक्का. पद्मजाबाईंची थोरली बहीण. तिच्याकडं जायचं म्हटलं की “प्रवासानं त्रास होईल,” आणि तिला बोलवा म्हटलं की “तिलाच बरं नाही.” आषाढात कळलं, की अक्काच्या घशाचं ऑपरेशन झालंय, आता बोलता येत नाही. तेव्हापासून नुसते मेसेज यायचे. ‘जेवलीस का.’ ‘औषध घेत जा.’ ‘जिवाला जप.’ पद्मजाबाई ते वाचायच्या, आणि फोन पालथा घालून ठेवायच्या. काही विचारायच्या नाहीत. विचारलं तर उत्तर येईल, असं त्यांना वाटायचं.

उपाध्यांना त्यांनी जे सांगितलं ते खोटं होतं, हे त्यांच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं. शब्द रोवले त्या दीड महिन्याच्या थोडंच आधी चंपाअक्काचे यजमान गेले होते. अक्काला मूल ना बाळ. ती एकदाच म्हणाली, “पद्मा, तुझ्याकडं येऊन राहू का गं?” पद्मजाबाईंनी अण्णांना विचारलं. अण्णा म्हणाले, “बघू.” रोज सकाळी ते त्यांना गाडीतून कोल्हापूरला न्यायचे, वाटेत गुणगुणायचे, आणि रोज पद्मजाबाई विचारायच्या, “अक्काचं काय ठरवलंत?” “बघू.” मग त्या खुर्चीत बसून त्या ठिपके खाली येतील तसे दाबायच्या. लाल, बघू. निळा, बघू. हिरवा, तुमच्या बघूला आग लागो! चेहरा अगदी समईसारखा. आत मात्र त्या नवऱ्याला असं काही ऐकवत असायच्या, की ते बाहेर पडलं असतं तर केंद्राच्या काचा तडकल्या असत्या. बाहेर पडलं नाही. अक्काही आली नाही.

आता हार घातलेल्या फोटोपुढं हे सांगायचं कसं? आणि सांगून तरी काय? राग तर कधीच विझला, असं त्यांना खरोखर वाटत होतं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आलं, दहा दिवसांचे उपवास-पूजा झाल्या, आणि क्षमावाणीचा दिवस उजाडला. या दिवशी लहानथोर सगळे एकमेकांपुढं हात जोडतात, आणि वर्षभरात जाणते-अजाणतेपणी जे दुखावलं असेल त्याची क्षमा मागतात. शीतलभाऊजींच्याच डोक्यात आलं, की यंत्रापुढं बसायला याच्यासारखा दिवस नाही. “सगळ्यांनी क्षमा मागितली की वहिनींचं मन पिसासारखं हलकं होईल.” उपाध्यांनीही मान डोलावली. एवढी एक संधी, मग थेट दिवाळी.

दुपारी हॉलमध्ये यंत्र मांडलं. पडद्याच्या एका कोपऱ्यात उपाध्ये. पद्मजाबाई पांढऱ्या साडीत खुर्चीवर, पट्टा मनगटावर. एकेक जण आला.

“उत्तम क्षमा, वहिनी,” शीतलभाऊजी वाकले. “जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असेल तर क्षमा करा.”

“उत्तम क्षमा.”

“आई, उत्तम क्षमा. जाणते-अजाणतेपणी…” सन्मतीनं पायावर डोकं ठेवलं, ते जरा जास्त वेळ ठेवलं. पद्मजाबाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला. केस पांढरे व्हायला लागले होते पोराचे. त्यांना त्याची दया आली, आणि दया आल्याचा थोडा कंटाळाही आला.

ऋतुजा दाराशीच होती. “ये की गं,” सन्मती म्हणाला.

“आले. गॅस बंद करून येते,” म्हणून ती आत गेली. गॅस बंदच होता, पद्मजाबाईंना तिथून दिसत होता.

तेवढ्यात मांडीवरचा फोन वाजला. अक्काचा मेसेज. सन्मतीचा चेहरा उजळला. “बघ, मावशीनं पण आठवण ठेवली!”

पद्मजाबाईंनी चष्मा लावला. ‘उत्तम क्षमा, पद्मा. जाणते-अजाणतेपणी काही चुकलं असेल तर क्षमा कर.’

त्यांनी ते एकदा वाचलं. मग पुन्हा वाचलं.

चंपाअक्कानं जन्मात कधी अशी मोघम क्षमा मागितली नव्हती. दर क्षमावाणीला सकाळी ती फोन करायची आणि म्हणायची, “हं, आधी मी की तू?” मग तिची यादी सुरू व्हायची. “तुझं जरीचं परकर-पोलकं मी भावलीसाठी कापलं, त्याची क्षमा. चिंचा मी चोरल्या आणि मार तुला बसू दिला, त्याची क्षमा. तुझ्या लग्नात पंगतीला रुसून बसले आणि वरणभात निवला, त्याची क्षमा.” दर वर्षी तीच पापं, त्याच क्रमानं, आणि दोघी पोट धरधरून हसायच्या. अक्का म्हणायची, “नाव घेऊन मागावी गं. नाव न घेता मागितलेली क्षमा म्हणजे रिकाम्या पाकिटाचा आहेर.” मग पद्मजाबाईंची पाळी. त्यांची यादी संपली की अक्का विचारायची, “झालं? आणखी काही?” आणि थांबायची. बरीच थांबायची. अण्णांच्या त्या ‘बघू’पासून दर वर्षी थांबायची. पद्मजाबाई दर वर्षी म्हणायच्या, “नाही. झालं.”

फोन त्यांनी पालथा घातला.

“आई, बसूया ना?” सन्मती म्हणाला.

“बसू,” पद्मजाबाई म्हणाल्या. आवाज एकदम शांत होता. चेहरा समईसारखा.

ठिपके खाली यायला लागले. लाल. निळा. पद्मजाबाईंच्या आत कुठंतरी खोल, जिथं सगळं विझलंय असं त्यांना वाटत होतं, तिथं काहीतरी पेटलं. पिवळा, प्रवासानं त्रास होईल. हिरवा, तिलाच बरं नाही. निळा, चहा घेणार वहिनी? लाल, वा, मस्तच आमटी. आधी ते म्हणाले बघू, आणि आता तुम्ही मला बघूसुद्धा दिलं नाहीत…

“नाडी वाढतेय,” शीतलभाऊजी कुजबुजले. “वाढतेय रे. थांबव.”

“थांबा!” पडद्यातून उपाध्ये ओरडले. “हात लावू नका त्यांना. वाढू दे. जुळतंय… हे कसं काय? पण जुळतंय!”

मनगटावरचा दिवा हिरवा झाला होता.

आणि बोटं धावत सुटली. पद्मजाबाई त्यांच्याकडं दुसऱ्या कुणाची बोटं बघावीत तशी बघत होत्या. पडद्याच्या वरच्या कडेला पहिला शब्द उमटला. ‘फावडं’. मग ‘चिंच’. मग ‘ओसरी’. सन्मतीनं तोंडावर हात घेतला. शीतलभाऊजींनी अण्णांच्या फोटोला हात जोडले. ‘गवंडी’, ‘पाऊल’, ‘तराजू’. दोघंही पडद्यापुढं वाकून शब्द पीत होते. पद्मजाबाईंच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत होतं, ते कुणी बघितलं नाही. बघितलं ते फक्त ऋतुजानं. ती स्वयंपाकघराच्या दारात हातात फडकं घेऊन उभी होती.

अकरावा शब्द उमटला, आणि पद्मजाबाईंनी दोन्ही हात कळांवरून उचलून मांडीवर ठेवले.

ठिपके एकटेच खाली यायला लागले.

“आई, एकच राहिला!”

“मला माहीत आहे.”

“थांबू नका वहिनी,” उपाध्ये म्हणाले. “फार वेळ नाही थांबणार ही अवस्था. मोडेल.”

“मोडू दे.” त्या मुलाकडं वळल्या. “सन्मती, अक्काला फोन लाव.”

“आई, मावशीला बोलता येत नाही ना…”

“नसू दे येत. व्हिडिओ लाव. मला ती दिसू दे. एकदा बघते, लगेच पुढचं दाबते.”

सन्मतीनं काकांकडं बघितलं. काकांनी पंख्याकडं बघितलं.

“लाव की रे. एवढा वेळ का लागतोय?”

“नंतर लावतो ना आई. आधी हे तेवढं…”

“भाऊजी, तुम्ही लावा.”

“वहिनी, आजच्या दिवशी कशाला…” शीतलभाऊजी पंख्याकडंच बघत म्हणाले. “आज तर सगळ्यांनी क्षमा मागितलीय तुमची.”

“कशाची?” पद्मजाबाईंनी विचारलं. “कशाची मागितलीत? नाव घ्या.”

मनगटावरचा हिरवा दिवा मिचमिचायला लागला होता. सन्मतीचे डोळे त्या दिव्यावर, काकांचे पंख्यावर. आयुष्यभर शांत म्हणून नावाजलेली ती बाई खुर्चीत ताठ बसून वाट बघत होती, आणि या वेळी किती का वेळ लागेना, “नाही, झालं,” असं म्हणायला ती तयार नव्हती.

ऋतुजानं हातातलं फडकं दाराच्या कडीला अडकवलं. ती आली, नवऱ्याला कोपरानं बाजूला सारून सासूच्या खुर्चीपुढं जमिनीवर बसली, आणि तिनं हात जोडले. बऱ्याच महिन्यांनी तिनं मान वर करून बघितलं.

“आई, अक्कामावशी गेल्या,” ती म्हणाली. “आषाढातच गेल्या. त्या दिवसापासून त्यांच्या फोनवरून मेसेज मी लिहितेय. यंत्रावर त्यांचा आवाजसुद्धा करून घेऊया म्हणाले होते हे, तेवढं मी करू दिलं नाही. बाकी सगळं केलं. मावशींचं तोंड तुम्हाला बघू दिलं नाही आणि तुम्हाला रडू दिलं नाही, त्याची क्षमा मागते.”